पुरलेला पुरावा रडारने सापडतो का? गोव्याच्या मातीतलं उत्तर

प्रश्न फोंड्याला फॉरेन्सिक शिकणाऱ्या एका मुलीचा आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकात धर्मस्थळला, प्रेतं पुरल्याच्या तक्रारीवरून, एसआयटीने (विशेष तपास पथकाने) ड्रोनला रडार लावून जमीन तपासली ते तिने बातम्यांत बघितलं, आणि तिचं विचारणं असं की तेच मशीन गोव्यात आणलं तर पुरलेलं प्रेत, हत्यार, मोबाईल असलं काही वरून दिसेल का, सॅटेलाईटवरून कळेल का, आणि कळत असेल तर पोलीस अजून जेसीबी घेऊनच का जातात.

बाय, पहिल्यांदा माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. गोव्यात २२ वर्षं जिओफिजिक्सचं, म्हणजे न खणता जमिनीखाली काय आहे ते यंत्राने मोजायचं, काम करतोय. पोटापाण्याचं काम म्हणजे बोअरवेलसाठी पाणी बघणं, रस्ता खणायच्या आधी खालच्या केबल आणि पाईप शोधून देणं, चिऱ्याच्या खाणीवाल्याला दगड किती खोल आहे ते सांगणं. पोलिसांच्या कामाला बोलावणं आलं ते आजवर ७ वेळा. दोनदा मिळालं, चारदा "इथे नाही" असं खात्रीने सांगता आलं, आणि एकदा मी चुकलो, ते पण खाली लिहितो कारण शिकायला तेच जास्त उपयोगाचं आहे.

मशीनला प्रेत दिसत नाही. हाडं तर नाहीतच. मशीनला कळतं ते एवढंच की ह्या जागची माती शेजारच्या मातीसारखी नाही. कोणीतरी जमीन उघडली, माती वर काढली, वरची खाली खालची वर अशी मिसळून परत ढकलली, ती माती परत कधी पहिल्यासारखी बसत नाही, तिच्यात पाणी वेगळं मुरतं, पोकळी जास्त राहते, आणि हा जो फरक आहे त्याला रडार, रेझिस्टिव्हिटी (जमीन करंटला किती अडवते त्याची मोजणी), कॅमेरा आपापल्या परीने पकडतात. म्हणजे आपण शोधतो तो खड्डा. खड्ड्यात काय आहे ते खणल्यावरच कळतं, आणि हे टीव्हीवर कोणीच सांगत नाही.

त्यामुळे मी गाडीतून मशीन काढायच्या आधी खणणाऱ्याचा विचार करतो. रात्रीची वेळ, एकटा किंवा दोघं, हातात कुदळ-खोरं, घाई, भीती. असे खड्डे जगभर बहुतेक एक मीटरच्या आतच निघालेत, अर्धा-पाऊण मीटर. आता आपल्या सड्यावर म्हणजे जांभ्याच्या पठारावर बघ, वीतभर मातीखाली कातळ, तिथे पहार घेऊन उभं राहिलं तरी रात्रभरात गुडघाभर खड्डा होत नाही. माणूस जातो तो मऊ जागेला, जिथे आधीच कोणीतरी खणलेलं आहे तिथे, आणि जिथपर्यंत गाडी जाते तिथून फार लांब नाही कारण वजन उचलून कोण किती चालणार. इंग्लंडचे फॉरेन्सिक जिओलॉजिस्ट लॉरन्स डोनेली ह्यांनी ही विचार करायची रीत नीट पद्धतीत बसवलीय, अख्ख्या परिसराचा नकाशा करायचा आणि कुठे हाताने खणता येईल, कुठे मशीनला दिसेल, ह्याप्रमाणे लाल, पिवळे, हिरवे तुकडे पाडायचे, लाल म्हणजे पहिल्यांदा बघायचे. मी हेच करतो, फक्त माझा नकाशा अर्धा जिओलॉजीचा आणि अर्धा वाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचा असतो. जुनी विहीर कुठे बुजवली, मेलेलं जनावर कुठे पुरलं, संडासाचा जुना खड्डा कुठे होता, हे त्यांना ठाऊक असतं, आणि हे आधी विचारलं नाही तर मशीन नेमकं तेच शोधून देतं.

आता जीपीआर म्हणजे ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार, ज्याच्याबद्दल तुझा प्रश्न आहे. लहान मुलांच्या बाबागाडीसारखी गाडी, खाली अँटेना, वर स्क्रीन. अँटेना जमिनीत रेडिओ लहरी सोडते, वाटेत माती बदलली की थोडी लहर परत येते, ती यायला किती वेळ लागला ते नॅनोसेकंदात मोजायचं. हवेत ही लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जाते, कोरड्या मातीत साधारण १० आणि चिंब मातीत ६ च्या आसपास. म्हणजे २० नॅनोसेकंदाला काहीतरी दिसलं तर मे महिन्यात ते एक मीटरवर असेल आणि जुलैमध्ये ६० सेंटीमीटरवर, स्क्रीनवर दोन्हीवेळा तेच चित्र. खणायला लावलेल्या माणसाला एक मीटर सांगितलं आणि निघालं ६० ला, तर त्याचं खोरं वस्तूवरच बसणार. म्हणून वेग जागेवर मोजावा लागतो, पुस्तकातला आकडा घालून चालत नाही.

अँटेना किती मेगाहर्ट्झची घ्यायची हा पण हिशोब. कमी फ्रिक्वेन्सी खोल जाते पण लहान वस्तू दिसत नाही, जास्तवाली बारीक दाखवते पण लवकर दमते. ह्या कामाला मी ४०० ची वापरतो, बहुतेक जण त्याच्याच आसपासची वापरतात. रेषा २५ सेंटीमीटरवर मारायच्या. २० मीटर बाय २० मीटरचा तुकडा असेल तर ८१ रेषा, म्हणजे एकाच दिशेला १६२० मीटर चालणं, आणि ते मन लावून, गाडी न उडवता, झुडूप आधी कापून, कारण अँटेना जमिनीपासून वर उचलली की बरीच लहर जमिनीच्या तोंडावरूनच परत फिरते. ड्रोनखाली रडार लटकवलं की हीच अडचण अजून वाढते. जिथे पाय ठेवता येत नाही, दलदल आहे, उतार आहे, तिथे ते कामाचं, नदीकाठच्या जागेला कोणी ते आणलं तर कारण कळण्यासारखं आहे, पण जिथे चालता येतं तिथे हाताने ओढलेली गाडीच जास्त खरं सांगते असं माझं स्पष्ट मत आहे.

गोव्याची माती रडारला कशी, हा खरा प्रश्न. लोकांना वाटतं लाल माती म्हणजे लोखंड म्हणजे रडार मेलं. तसं नाही. लहर खाऊन टाकते ती मुख्यतः खारं पाणी आणि चिकणमाती, आणि चिकणमातीतही फरक असतो. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती ज्या खनिजाची बनते ते पाणी आणि क्षार धरून ठेवतं, तिथे रडार अर्ध्या मीटरवर आंधळं होतं. आपल्या जांभ्याच्या मातीत जास्त करून केओलिनाइट नावाचं खनिज, ते तेवढं धरून ठेवत नाही. म्हणून डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या सड्याच्या कडेला उन्हाळ्यात मला मीटर-दीड मीटर बऱ्यापैकी दिसतं. त्रास होतो तो दुसराच, जांभा आतून एकसारखा नसतो, पोकळ्या, गाठी, मुळांची भोकं, वारूळ, त्यामुळे स्क्रीनवर सगळीकडेच काहीतरी दिसतं आणि नवीन माणूस प्रत्येक ठिपक्यावर झेंडा लावत सुटतो. किनाऱ्याची कोरडी वाळू त्याच्या उलट, स्वच्छ, आरशासारखी, पण खाली खारं पाणी लागलं की तिथे पडदा. आणि खाजन, म्हणजे नदीकाठची बांध घातलेली खारी शेतजमीन, आली की रडार गाडीतच ठेवायचं. मांडवी-झुवारीच्या काठची ती खारी चिखलमाती वर्षानुवर्षं भरती-ओहोटीचं पाणी प्यालेली, तिथे मी रडार ओढून बघितलंय, पहिल्या २० सेंटीमीटरनंतर काळोख. तिथे दुसऱ्या वाटा धरायच्या, बांधाची नुकतीच केलेली दुरुस्ती बघायची, मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दारापाशी) कोणाची येजा असते ते विचारायचं, कुत्रा न्यायचा.

एक जवळून दाखवतो. एका गावात गोठा होता, चिऱ्याच्या भिंती, खाली सिमेंटचा कोबा. पोलिसांना माहिती अशी होती की खुनात वापरलेली वस्तू गोठ्यातच कुठेतरी आहे. कोबा बघायला सगळीकडे सारखाच, जुना, शेणाने काळा पडलेला. रडार ओढलं तर कोब्याचा तळ सरळ रेघेसारखा दिसत होता, २ नॅनोसेकंदाच्या आसपास, म्हणजे साधारण १० सेंटीमीटर. गव्हाणीपासून दोन पावलांवर ती रेघ तुटली, सव्वा मीटर नव्हतीच, मग परत सुरू झाली. आणि त्या तुटलेल्या जागेखाली ११ नॅनोसेकंदाला उलट्या वाटीसारखी कमान. वेग मी १० धरला होता, लहर जाऊन परत येते म्हणून निम्मं करायचं, म्हणजे ५५ सेंटीमीटर. शेजारच्या रेषेवर तीच कमान, त्याच्या पुढच्या रेषेवर पण, चौथ्या रेषेवर गायब. म्हणजे पाऊण मीटर लांबीचं काहीतरी. कोबा तुकड्या-तुकड्याने कापला, खाली हाताने काढलं, ताडपत्रीत गुंडाळलेला कोयता आणि कपडे निघाले. ताडपत्रीमुळेच ते एवढं स्वच्छ दिसलं, नुसता कोयता असता तर मी पैज लावली नसती. घराच्या फरशीखालचं शोधायला रडार किती चांगलं हे जगाला १९९४ मध्ये कळलं, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला एका घराच्या फरशीखाली आणि बागेत ९ जणींचे अवशेष निघाले तेव्हा तिथे पोलिसांनी रडार लावलं होतं.

आता चुकलो ते. एक माडांचं भाट म्हणजे बागायत, माणूस बेपत्ता, त्याचा शेवटचा फोन त्याच परिसरात. जमीन ओलसर होती म्हणून मी रडारच्या आधी कंडक्टिव्हिटी मीटर, म्हणजे जमीन वीज किती वाहून नेते ते मोजणारं यंत्र, फिरवला, आणि एका कोपऱ्यात जमीन आजूबाजूपेक्षा चक्क तिप्पट वाहक, आकार जवळजवळ चौरस, मीटरभर बाय मीटरभर. रडारवर पण खड्ड्याच्या कडा दिसल्या. प्रेत कुजताना जे पाणी सुटतं ते क्षारांनी भरलेलं असतं, त्यामुळे जमीन वाहक होते, हे मला पाठ होतं. मी इन्स्पेक्टरसाहेबांना सांगितलं, साहेब, हीच जागा. त्या माणसाची बहीण कुंपणाबाहेर उभी होती, तिने ते ऐकलं. चार तास खणलं. निघालं काही नाही, कुजलेला झावळ्यांचा भुसा आणि राख. संध्याकाळी नारळ पाडणारा पाडेली आला माडावर चढायला, तो म्हणाला तिथे वीज पडून मेलेला माड होता, मुळासकट काढून नवीन रोपासाठी खड्डा मारला होता, मीठ, राख, शेण घालून, मग रोप लावलंच नाही. माड लावायला मीटरभराचा चौकोनी खड्डा काढायचा आणि मीठ घालायचं हे आपल्या घरी मी लहानपणापासून बघत आलोय, माझ्या आज्याने माझ्या हातानं घालून घेतलंय. तरी त्या दिवशी डोक्यात आलं नाही कारण मी स्क्रीनकडे बघत होतो. त्या बाईचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून भाटात शिरायच्या आधी मी पाडेली आणि राखणदार ह्यांच्याशी बोलतो आणि कुटुंबातल्या माणसाच्या कानावर पडेल असं काहीच जागेवर बोलत नाही, पोलिसांनी कितीही घाई केली तरी, "काहीतरी वेगळं आहे" ह्याच्या पुढे शब्द नाही.

आणि हे फक्त माझ्या बाबतीत नाही. अमेरिकेत फ्लोरिडाला डोझियर नावाची मुलांची सुधारशाळा होती, तिथे रडार आणि खणणं दोन्ही करून युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ५५ थडगी शोधली, नोंदीत होती त्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यामुळे काही घरच्यांना आपल्या मुलांचे अवशेष परत मिळाले. त्याच जागेवर २०१९ मध्ये दुसऱ्या एका सर्वेत रडारवर आणखी २७ थडग्यांसारख्या खुणा सापडल्याची बातमी जगभर गेली, नंतर खणलं तर झाडांची मुळं. तेच यंत्र, तेच गाव, एकदा खरं आणि एकदा खोटं. फरक पडला तो खणून बघितल्यावर.

रेझिस्टिव्हिटीबद्दल लोक कमी बोलतात पण आपल्या पावसाळी मुलखाला ती जास्त जवळची. खिळ्यासारखे इलेक्ट्रोड ओळीने ठोकायचे, दोघांतून करंट द्यायचा, दुसऱ्या दोघांत व्होल्टेज मोजायचं, बोअरवेलवाल्यांनी केलेलं तू बघितलंच असशील, फक्त इथे खिळे अर्ध्या-अर्ध्या मीटरवर येतात. इंग्लंडच्या कील युनिव्हर्सिटीत जेमी प्रिंगल आणि त्यांच्या टीमने ह्याचा फार नेटका प्रयोग केला. डुकरांची कलेवरं पुरली, एक उघडं, एक ताडपत्रीत गुंडाळलेलं, आणि एक खड्डा नुसता खणून परत भरलेला, मग वर्षानुवर्षं महिन्या-महिन्याने मोजत राहिले. उघड्या कलेवराभोवती जमिनीचा रोध पडला कारण सुटलेलं पाणी पसरलं, गुंडाळलेल्याचा उलट वाढला कारण ताडपत्रीतून करंट जाईना. आणि रडारवर गुंडाळलेलं चांगलं दिसलं. म्हणजे एकच वस्तू दोन मशीनवर उलट-सुलट दिसते आणि दोन्ही खरं असतं, म्हणून एकाच मशीनवर विसंबलेला रिपोर्ट मला कधीच पटत नाही.

चुंबकाचं यंत्र, मॅग्नेटोमीटर, ह्याला मात्र गोव्यात सांभाळून. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० हजार नॅनोटेस्ला, आणि पुरलेल्या पिस्तुलाने त्यात पडणारा फरक अगदी थोडासा. जांभ्यातलं लोखंड आणि डिचोली-सांग्याकडचे खाणीचे डंप त्याच्यापेक्षा जास्त गोंधळ घालतात. दुसरं म्हणजे परदेशी पुस्तकात वस्तूच्या वर उंचवटा काढलेला असतो, आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ, आपल्याकडे वस्तूवर खोलगटा येतो आणि उंचवटा बाजूला सरकतो, पुस्तक बघून खणलंस तर बाजूला खणशील. साधा मेटल डिटेक्टर, त्याचं ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या लोखंडाचा आवाज गाळायचं सेटिंग) त्याच मातीवर नीट लावून, सोनं, पितळ, काडतूस, मोबाईल ह्यांना जास्त कामाचा, लहान वस्तू असेल तर वीतभर, फार तर फूटभर खोल, त्याच्याखाली नाही. पण तेवढं पुष्कळ झालं, घाईत फेकलेलं काडतूस फूटभर खाली जात नाही.

सॅटेलाईट. इथे तुझा हिशोब मीच करून देतो. युरोपच्या सेंटिनेल-२ सॅटेलाईटचं चित्र फुकट मिळतं, दर पाच दिवसांनी, पण त्याचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. माणसाचा खड्डा दोन चौरस मीटर. ठिपक्याचा पन्नासावा भाग. दिसणार नाही. आपला कार्टोसॅट-३ किंवा बाहेरचे महागडे सॅटेलाईट पाव मीटरपर्यंत बघतात, त्यांच्यात उघडी पडलेली माती दिसते, पण वर झाड नसेल तर, आणि जून ते सप्टेंबर वर ढग. सॅटेलाईट खरं उपयोगी पडतं ते मोठ्या जागेला आणि काळाला. बोस्नियात स्रेब्रेनिकाला जुलै १९९५ मध्ये ८ हजारांवर पुरुष आणि मुलं मारली गेली, १० ऑगस्टला अमेरिकेच्या राजदूत मॅडलीन अल्ब्राइट ह्यांनी सुरक्षा परिषदेत वरून काढलेले फोटो दाखवले, आधीच्या फोटोत सपाट शेत आणि नंतरच्या फोटोत उकरलेली माती. मारेकऱ्यांनी पुढे शरदात मशीन लावून प्रेतं उकरून दुसरीकडे नेली, ते पण वरच्या फोटोंत आलं. पुढे कोर्टात हे सगळं उभं राहिलं. ह्यात जादू कुठली नाही, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवले एवढंच. हे तू आजच गुगल अर्थवर मागच्या तारखांना जाऊन करू शकतेस, मी प्रत्येक केसला पहिल्या तासात हेच करतो, आणि त्यातून शेड कधी उभी राहिली, जागा कधी भरली, वाट कधी पडली, हे कळतं. एका केसला मला दाखवलेली जागा घटनेच्या वेळी खाणीच्या पाण्याखाली होती हे फोटोवरून दिसलं आणि दोन दिवसांचं खणणं वाचलं.

ड्रोन म्हणजे सॅटेलाईट आणि जमिनीवरचं मशीन ह्यांच्या मधला. साध्या कॅमेऱ्याने सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना फोटो घेतले की खचलेल्या मातीची सावली पडते, दुपारी त्याच जागी काही दिसत नाही. भरलेला खड्डा पहिल्या पावसात बसतो, मधोमध बशीसारखा खोलगटा आणि कडेला भेग, तिथे पाणी साचतं, गवत वेगळं येतं. लायडार (लेझरने जमिनीची उंची मोजणारं यंत्र) असेल तर झाडीखालचा असला उंचसखलपणा पकडता येतो. थर्मल कॅमेऱ्यावर लोक भलता विश्वास ठेवतात, जमिनीत अर्धा मीटर खाली काय आहे त्याची ऊब वर येत नाही, वर दिसतो तो ओल्या-कोरड्या मातीचा फरक, सूर्य उगवताना आणि मावळताना. आणि गोव्यात उडवायचं म्हणजे दाबोळीला नौदल, तिकडे मोपाचा विमानतळ, अर्ध्या जागा परवानगीच्या, ते काम पोलिसांनी आधी करून ठेवलं नाही तर आख्खा दिवस कागदात जातो.

पाण्यातलं वेगळं शास्त्र आहे, थोडक्यात सांगतो. नदीत, खाडीत रडार चालत नाही कारण पाणी खारं, तिथे साईड स्कॅन सोनार (आवाजाच्या लहरींनी तळाचं चित्र काढणारं यंत्र), मॅग्नेटोमीटर आणि पाणबुड्या. २०२० मध्ये दाभोलकर खून प्रकरणात सीबीआयने ठाण्याजवळच्या खारेगाव खाडीतून परदेशी पाणबुड्यांकडून चुंबक वापरून एक पिस्तूल वर काढलं होतं. पिस्तूल मिळणं ही एक गोष्ट आणि तेच पिस्तूल असल्याचं बॅलिस्टिकने, म्हणजे बंदूक-गोळीच्या तपासणीने, ठरवणं ही दुसरी, ह्या दोन्ही तुझ्या विषयात येतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता जेसीबीचं. राग येतो मला त्याचा, पण पोलिसांना दोष देऊन संपत नाही, त्यांच्याकडे वरून प्रेशर, टीव्हीचे कॅमेरे, आणि कोणी सांगितलेलं नसतं. दात असलेला बकेट एकदा जमिनीत गेला की खड्ड्याची कड गेली, आणि खड्ड्याची कड हाच पुरावा असतो. जांभा, सड्याचा वरचा कातळ सोडला तर, जमिनीत असताना मऊ, लोण्यासारखा कापता येतो, हवेला लागला की घट्ट होतो, बुकॅनन ह्या स्कॉटिश माणसाने केरळात हे बघूनच १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट नाव दिलं. ह्याच गुणामुळे आपल्या मातीत कुदळीचा घाव खड्ड्याच्या भिंतीवर छापल्यासारखा राहतो. एकदा मी स्वतः बघितलाय, तीन बोटं रुंद, एका कोपऱ्यात पातं तुटल्याची खूण. संशयिताच्या मांगरात (शेतातल्या खोपटात) कुदळ होती, तिचं पातं त्याच कोपऱ्याला तुटलेलं. ही भिंत जेसीबीने नेली असती तर नुसती कुदळ राहिली असती, आणि कुदळ काय प्रत्येकाच्या मांगरात असते.

म्हणून माझा क्रम असा. कागद आणि जुने फोटो, मग गावच्या माणसांशी बोलणं, मग चालून डोळ्याने बघणं, मग ड्रोन, मग मशीन, त्यानंतर पातळ सळईने हळू टोचून त्या भोकांतून वास घ्यायला कुत्रा, आणि मग हाताने, दहा-दहा सेंटीमीटरचा थर काढत. वरची काळी माती आणि खालची लाल-पिवळी मिसळलेली दिसली की थांबायचं, ब्रशने कड काढायची, फोटो. जेसीबी आणायचाच तर बिनदातांच्या सपाट बकेटने, वरचा भराव काढायला, आणि शेजारी माणूस उभा. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू झाल्यावर झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचंच आहे, प्रेत उकरायचं असेल तर मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते, त्यामुळे हे सगळं सावकाश करायला आता कायद्याचाही आधार आहे. माझा रडारचा डेटा मी जागेवरच दोन प्रती करून एक सीलबंद देतो, कारण कोर्टात वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की हे चित्र तुम्ही ऑफिसात बसून रंगवलं नाही कशावरून. कच्चा डेटा, तारीख, मशीनचा नंबर, रेषांचा नकाशा, आणि जिथे काही मिळालं नाही त्या रेषा पण. त्या तर जरूर द्यायच्या.

तुझ्या शिक्षकांना विचारून एक गोष्ट कर. कीलचा प्रयोग इंग्लंडच्या थंड मातीतला, तिथल्या आकड्यांवर मी आपल्या जांभ्यात निर्णय घेत नाही, इथे पाऊस तीन हजार मिलिमीटर, माती आंबट, हाडं लवकर झिजतात, कुजणं भराभर, रानडुक्कर आणि कुत्रे उकरतात ते वेगळंच. आपल्या मातीतली मोजणी आपल्याच हातात हवी. कॉलेजच्या आवारात नाहीतर एखाद्या ओळखीच्या भाटकाराकडे (जमीनमालकाकडे) परवानगी घेऊन तीन खड्डे, ६० सेंटीमीटर खोल, एकात मेलेलं डुक्कर उघडं, एकात ताडपत्रीत, आणि तिसरा रिकामा, नुसता खणून भरलेला. हा तिसरा कोणी करत नाही, पैसे वाया म्हणतात, पण माडाच्या खड्ड्याने मला फसवलं ते अशा खड्ड्याचं चित्र माझ्याकडे नव्हतं म्हणूनच. दर महिन्याला रडार आणि रेझिस्टिव्हिटी, शेजारी पावसाची नोंद, निदान दोन पावसाळे. नोव्हेंबरात जमीन खणण्याइतकी मऊ असते. मी रडार घेऊन येतो, पण मला खड्डे खणायच्या आदल्या दिवशी बोलव, खणल्यावर नको, न खणलेल्या जमिनीची पहिली मोजणी घ्यायची आहे.